वरचा मजला भाड्याने देताना

जर्सी सिटीत आमचं तीन बिऱ्हाडांचं लाकडी घर आहे. खाली आम्ही राहतो, वरचे दोन मजले भाड्याने. दुसरा मजला रिकामा झाला तेव्हा मराठी ग्रुपसाठी मी लिहिलं, 'मराठी कुटुंबास प्राधान्य, लहान मुले नकोत.' नणंद घरं विकायचं काम करते. तिने वाचलं आणि म्हणाली, "वहिनी, हे पाठवू नका."

भाडेकरू निवडताना भेदभाव करायला कायद्याने मनाई आहे, पण मला वाटत होतं, मालक स्वतः त्याच घरात राहत असेल तर त्यातून सूट असते. असते, पण आधी बिऱ्हाडं मोजा. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यात (घर देताना भेदभावाला मनाई करणारा कायदा) मालक राहत असलेल्या चार बिऱ्हाडांपर्यंतच्या घराला सूट आहे. न्यू जर्सीचा कायदा मात्र ती दोन बिऱ्हाडांवरच थांबवतो. म्हणजे आमचं घर केंद्राच्या सुटीत बसतं, राज्याच्या नाही. कॅलिफोर्नियात तर आपल्या राहत्या घरात एकच भाडेकरू ठेवणाऱ्यापुरतीच सूट आहे. तेव्हा आधी आपल्या राज्याचा कायदा बघा.

मग जाहिरात. इथे बहुतेकजण फसतात. घर सुटीत बसत असलं तरी वंश, धर्म, मूळ देश, मुलंबाळं यांवरून पसंती-नापसंती छापायला केंद्राचा कायदा मनाई करतो. मजकूर मराठीत आहे, ग्रुप आपल्याच लोकांचा आहे, म्हणून तो चालतो असं नाही. स्वयंपाकघर-बाथरूम सामाईक असलेल्या खोलीसाठी 'फक्त मुली' म्हणता येतं, तेवढंच.

वंशावरून नकार द्यायला तर कुठेच वाट नाही. १८६६ चा नागरी हक्क कायदा लहान घरालाही लागू होतो, त्यात मालकासाठी सूटच नाही. अमुक रंगाचा माणूस नको असं मनात असेल, तर त्यावर पळवाट शोधू नका. आपणही इथे कधीतरी परक्या नावाने घर शोधलंय.

'मुलं नकोत' म्हणायची मुभा ज्येष्ठांच्या वसाहतींना असते: सगळे रहिवासी ६२ किंवा त्याहून जास्त वयाचे, किंवा किमान ८० टक्के घरांत एकजण तरी ५५ किंवा त्याहून जास्त वयाचा. आमचं घर त्यात बसत नाही. मला त्रास होता तो डोक्यावरच्या धपधप पावलांचा, म्हणून मी वर जाड गालिचा घातला.

शेवटी पाठवलं ते एवढंच: 'दुसरा मजला, दोन बेडरूम, १ जूनपासून. हीटचं बिल वेगळं.' आलेला प्रत्येक फोन तारखेसकट वहीत लिहिला, आणि सगळ्यांना पगाराची स्लिप व आधीच्या मालकाचा संदर्भ, एवढंच विचारलं.