एअर सस्पेन्शन: कॉम्प्रेसर मागवायच्या आधी टेप काढा

एअर सस्पेन्शनची गाडी स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी बॅगांवर उभी राहते आणि ती हवा कॉम्प्रेसर भरतो. स्कॅनरने कॉम्प्रेसरच्या बिघाडाचा कोड दाखवला म्हणून लगेच नाना पेठेत, म्हणजे पुण्याच्या स्पेअर पार्ट्सच्या बाजारात, फोन लावू नका. नवीन पोरं इथेच फसतात. कॉम्प्रेसर बहुतेकदा दुसऱ्याच्या पापाने मरतो. कुठेतरी हवा गळते, गाडी उतरते, ईसीयू (गाडीचा कंट्रोल कॉम्प्युटर) तिला उचलायला कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालवतो. तो सलग चालण्यासाठी बनलेलाच नाही. तापतो, पिस्टनची रिंग झिजते, दाब तयार होत नाही आणि मग कोड येतो. गळती तशीच ठेवून बसवलेला नवा कॉम्प्रेसरही त्याच वाटेने जातो. दुसऱ्या वेळचे पैसे ग्राहक देत नाही, हे लक्षात ठेवा.

म्हणून आधी मोजणी. गाडी सपाट जागी लावा. बेसमेंट पार्किंगच्या उतारावर मोजलेलं काही कामाचं नाही. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही कोपऱ्यांची उंची टेपने मोजून लिहा. गाडी लॉक करा, चावी लांब ठेवा. सकाळी दार उघडायच्या आधी पुन्हा मोजा. दार उघडलं की बऱ्याच गाड्यांत ईसीयू जागा होतो, गाडी उचलून घेतो आणि रात्रभराचा पुरावा गेला! डिसेंबरच्या थंडीत चारही कोपरे थोडे उतरले तर घाबरू नका. दुपारच्या ३५ अंशांवरून पहाटे १० अंशांवर आलेली हवा सुमारे ८ टक्के आकसते. एकच कोपरा बसला असेल तर मात्र त्या कोपऱ्याची एअर बॅग (सस्पेन्शनची, अपघातात फुगणारी नव्हे), तिची नळी किंवा जोडणी बघा. एक कोपरा उतरून दुसरा वर आला असेल तर संशय व्हॉल्व्ह ब्लॉकवर, म्हणजे कुठल्या कोपऱ्याला हवा सोडायची ते सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्यावर घ्या, आतल्या आत हवा इकडून तिकडे जाते आहे.

आता साबणाचं पाणी. बॅगचं रबर जिथे तिच्या खालच्या पिस्टनवर (हा कॉम्प्रेसरचा पिस्टन नव्हे) दुमडतं तिथेच भेगा पडतात आणि ती घडी उंचीप्रमाणे जागा बदलते. उचललेल्या गाडीत कोरडी दिसणारी बॅग नॉर्मल उंचीला बुडबुडे सोडते. म्हणून प्रत्येक उंचीवर फवारा मारा, धूळकव्हर सरकवून आतही. मग स्ट्रटच्या, म्हणजे बॅग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेल्या खांबाच्या, डोक्यावरची जोडणी, व्हॉल्व्ह ब्लॉकवरच्या नळ्या. कॉम्प्रेसरच्या एक्झॉस्टची नळी पाण्याच्या ग्लासात बुडवा. गाडी बंद असताना बुडबुडे आले तर तिथला व्हॉल्व्ह बसत नाही. कंटाळवाणं काम आहे, पण अवघड अजिबात नाही. आयटीआयच्या पहिल्या वर्षाचा मुलगाही नीट करू शकतो.

‘आवाजावरून सांगतो’ म्हणणाऱ्या उस्तादाकडून हाताचं कसब शिकून घ्या, बिघाडाचं निदान घेऊ नका. भेगेला पंक्चरचं सोल्यूशन लावणं हा तर निव्वळ चावटपणा: रबर दर खड्ड्याला दुमडतं, ठिगळ टिकणार कसं? स्प्रिंग किट टाकून सिस्टिमच काढायची असेल तर ग्राहकाला तोटे आधी सांगा. गाडीचा मऊपणा जातो, उंची बदलता येत नाही आणि डॅशबोर्डवरचा बिघाडाचा दिवा विझवायला वेगळी खटपट करावी लागते.

जिवाची गोष्ट: गाडी उचलण्याआधी जॅक मोड (गाडीने आपोआप उंची बदलणं बंद करणारी सेटिंग) लावा आणि स्टँड दिल्याशिवाय खाली शिरू नका. बॅगेतली हवा गेली की बॉडी क्षणात खाली येते. नळी सोडण्याआधी स्कॅनरने त्या कोपऱ्याची हवा काढा. नवीन बॅग बसवल्यावर हवा न भरता गाडीचं वजन तिच्यावर सोडलं तर घडी चिमटते आणि नवीकोरी बॅग तिथेच फाटते.

कॉम्प्रेसर खरंच गेला असेल तर त्याच्यासोबत रिले, म्हणजे त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच, हाही बदला. जुन्या रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले तर नवा कॉम्प्रेसर बंदच होणार नाही. ड्रायरमधून पांढरी पूड निघत असेल तर ते हवेतला ओलावा शोषणारे फुटलेले दाणे. ते व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येही गेलेले असतात, तोही तपासा. हाइट सेन्सरची काडी गंजून अडकली असेल तर गळती नसतानाही गाडी वाकडी उभी राहते. ती काडी हाताने हलवून बघायला दोन मिनिटं लागतात. सेन्सर बदलला तर स्कॅनरवर चारही कोपऱ्यांची उंची टेपने मोजून भरा, म्हणजे कॅलिब्रेशन पूर्ण होतं.