छोटा हत्ती संस्थेला देताय? या चुका टाळा

सोलापूरच्या मार्केट यार्डात कांदा वाहिलेली, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरींचे गठ्ठे पोचवलेली पिकअप धंदा बंद झाल्यावर दारात उभी राहते. एक्स्चेंजला किंमत येत नाही. मग घरात कोणीतरी म्हणतं, गोशाळेला देऊन टाकू, अन्नछत्राला देऊ. विचार मनापासून चांगला आहे. चारा, पाणी, भाजी, पातेली वाहायला संस्थांना गाडी हवीच असते. पण गाडी जाते आणि कागद मागे राहतो, तिथे सगळं बिघडतं.

किल्ली दिली, नाव तसंच

हार घातला, नारळ फोडला, नाव बदलायच्या कोऱ्या टीटी फॉर्मवर (फॉर्म २९ आणि ३०) सह्या करून दिल्या. पुढचं संस्था बघून घेईल, असं धरून चालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कायद्याच्या लेखी मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं: गाडी कितीही हात फिरली तरी आरटीओत नाव बदललेलं नसेल, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकाकडेच येते. गाडीचा विमा संपलेला असेल, तर ही रक्कम तुमच्या घरातून जाते.

म्हणून कोरी सही नको. फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरून, तारीख घालूनच सही करा. राज्यातल्या राज्यात देणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. सोबत विनामोबदला दिल्याचं दानपत्र आणि गाडी कोण स्वीकारणार, सही कोण करणार याचा विश्वस्तांचा ठराव घ्या. संस्थेची धर्मादाय कार्यालयातली नोंदणी आणि पॅन आधीच पाहून ठेवा. संस्था सोलापूर आरटीओच्या (एमएच १३) हद्दीत येते की अकलूजच्या (एमएच ४५), हेही विचारा. गाणगापूरकडच्या संस्थेला द्यायची असेल, तर कर्नाटकासाठी फॉर्म २८ ची एनओसी लागते आणि तिथला कर वेगळा.

गाडी आधीच दिली असेल आणि नाव बदललं नसेल, तर आजच आरटीओला लेखी कळवून पोच घ्या. त्याने जबाबदारी संपत नाही, म्हणून नाव बदलेपर्यंत पाठपुरावा सोडू नका आणि तोवर विमा चालू ठेवा.

अर्ज अडकतो कुठे?

बहुतेकदा बोजावर, म्हणजे आरसीवरच्या कर्जाच्या नोंदीवर. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण आरसीवर फायनान्सचं नाव तसंच असतं. फायनान्सची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आधी बोजा उतरवा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे नवी सुरक्षित नंबरप्लेट लागते. थकलेली ई-चलानं भरा. पासिंग (फिटनेस) संपलं असेल तर तेही करून घ्या. आठ वर्षांवरच्या मालगाडीला ते दरवर्षी लागतं. गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल, तर आधी फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावावर घ्यावी लागते.

सांगाड्यावर कोरलेला चेसिस नंबर तर आरटीओत जाण्याआधी डोळ्यांनी बघा. कांद्याचं पाणी आणि खताची पोती यांनी हौद्याखालचा भाग गंजतो, वरून कोणीतरी रंग मारलेला असतो, आणि अर्जासाठी छापा घ्यायला पट्टी लावून पेन्सिल फिरवली की निम्मे आकडे छाप्यात उमटतच नाहीत. नंबर जपून साफ करा. ग्राइंडर अजिबात लावू नका, आकडेच गेले तर मोठी चौकशी मागे लागते.

८०जीचा गैरसमज

गाडीची किंमत ठरवून पावती घेतली की करसवलत मिळते, असं अनेकांना वाटतं. मिळत नाही. ८०जी नावाने ओळखली जाणारी देणगीवरची आयकर वजावट फक्त पैशाच्या देणगीला आहे, वस्तूला नाही. रोखीने २,००० रुपयांपर्यंतच. नव्या करप्रणालीत तर ही वजावटच नाही. गाडी धंद्याच्या नावावर असेल आणि तिच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घेतलेलं असेल, तर फुकट दिली तरी जीएसटी लागू शकतो. सीएंना आधी विचारा.

मला विचाराल तर इंजिन थकलेली, टायर गेलेली गाडी देऊच नये. संस्थेच्या डोक्यावर डिझेल, विमा, पासिंग आणि ड्रायव्हर बसतो. ती विका किंवा अधिकृत स्क्रॅप केंद्राला देऊन प्रमाणपत्र घ्या, आणि आलेला पैसा चेकने द्या. गाडी धडधाकट असेल तर मात्र जरूर द्या. मालासह एकूण ३,००० किलोपर्यंतच्या मालगाडीला परमिट लागत नाही. आणि हलक्या वाहनाचा साधा एलएमव्ही परवाना ७,५०० किलोपर्यंत चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं आहे. त्यामुळे संस्थेला चालक मिळणं सोपं जातं.

एक गोष्ट संस्थेला स्पष्ट सांगा: हौद्यात माणसं बसवायची नाहीत. आषाढीत दिंडीचं सामान नेताना वारकरी सहज मागे बसतात, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात झटकते.

नाव बदललं की विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं) पत्र घ्या. तो बोनस तुमचा असतो, पुढच्या त्याच प्रकारच्या गाडीला तीन वर्षांत वापरता येतो. फास्टॅग बँकेत बंद करून काचेवरून काढून टाका, नाहीतर सावळेश्वरच्या नाक्यावर संस्थेच्या गाडीचा टोल तुमच्या खात्यातून कापला जाईल.