कर्ज आणि सरकारी नियुक्ती : या चुका टाळा

परभणीत एका अभ्यासिकेच्या शेजारी बसून मी गेली कित्येक वर्षे निवड झालेल्या मुलांचे कागद लावून देतो. घटनेचा अनुच्छेद 317 या मुलांना तोंडपाठ असतो. लोकसेवा आयोगाचा सदस्य नादार, म्हणजे दिवाळखोर, ठरला तर राष्ट्रपती त्याला पदावरून दूर करू शकतात, हे ती झोपेतही सांगतील. हाच नियम उद्या आपल्याही दारात उभा राहू शकतो, हे मात्र त्यांच्या गावीही नसते. ज्याच्या हाती तिजोरी, तपास किंवा गोपनीय कागद सोपवायचे, तो घेणेकऱ्यांनी घेरलेला असेल तर त्याला वळवणे सोपे जाते, एवढाच त्यामागचा हिशेब आहे. नुसते कर्ज असणे हा दोष नव्हे. आमच्याकडे पीककर्ज नसलेले घर शोधूनच काढावे लागेल.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे घरच्या उधारीसाठी मुलाने स्वतःचा सही केलेला कोरा चेक देणे. माझ्याच पुतण्याचे सांगतो. पेरणीच्या तोंडावर भावाने सोयाबीनचे बी आणि खत उधारीवर उचलले. त्याच्याकडे चेकबुक नव्हते, म्हणून पुतण्याचा चेक दुकानात ठेवला. काढणीच्या वेळी पावसाने शेंगा जागेवर कुजल्या, दुकानदाराने बावन्न हजारांचा आकडा घालून चेक बँकेत लावला आणि तो न वटता परत आला. परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 च्या कलम 138 खाली अशा वेळी 30 दिवसांत नोटीस येते, ती मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे दिले नाहीत तर फिर्याद होऊ शकते, आणि शिक्षा 2 वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी आहे. म्हणजे उधारी दिवाणी राहत नाही, फौजदारी होते. नोटीस वहिनीने सही करून घेतली आणि देव्हाऱ्यामागच्या कापडी पिशवीत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर ठेवून दिली. पुढे समन्सही त्याच पिशवीत गेले.

पुतण्या पोलीस भरतीत निवडला गेला. नियुक्तीआधी स्वतःची माहिती भरून द्यायच्या साक्षांकन नमुन्यात न्यायालयात प्रकरण प्रलंबित आहे काय, या प्रश्नापुढे त्याने ‘नाही’ लिहिले. मी विचारले तेव्हा म्हणाला, “काका, ते उधारीचं आहे, तो काय गुन्हा झाला?” मीही त्या दिवशी घाईत होतो आणि कागद दाखव असे म्हणालो नाही, ही माझी चूक. चारित्र्य पडताळणीत प्रकरण निघाले आणि नियुक्ती थांबली. सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या अवतार सिंग प्रकरणात दडवलेली माहिती किती गंभीर आहे याचा विचार करण्यास नियोक्त्याला वाव ठेवला आहे, त्यामुळे लोकअदालतीत तडजोड करून, निकालाची प्रत जोडून खुलासा देता आला. तरी प्रशिक्षणाची तुकडी हुकली ती हुकलीच. ‘होय’ लिहून सोबत कागद जोडला असता तर निदान लबाडीचा ठपका आला नसता. आता गावाकडची पिशवी माझ्या टेबलावर उलटी केल्याशिवाय मी कोणाच्याही नमुन्याला हात लावत नाही.

दुसरी चूक ‘सेटलमेंट’ची. मोबाइलवरच्या ॲपमधून घेतलेले कर्ज थकते, वसुलीवाला निम्म्यात मिटवू म्हणतो आणि मुलगा सुटलो म्हणून पेढे वाटतो. पतअहवालात, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदवहीत, मात्र त्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ न येता ‘सेटल्ड’ येते, म्हणजे सावकाराने उरलेल्या रकमेवर पाणी सोडले असा त्याचा अर्थ. बँकभरतीच्या जाहिरातीतील पतविषयक अट कोणी वाचत नाही. 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने स्टेट बँकेने अशाच कारणाने रद्द केलेली एक नियुक्ती रद्दच ठेवली. नंतर सगळे फेडले होते, हा उमेदवाराचा युक्तिवाद चालला नाही. म्हणून पूर्ण रक्कम भरावी आणि बेबाकी दाखला, म्हणजे काही देणे उरले नसल्याचा दाखला, लेखी घ्यावा. फोनवरच्या गोड शब्दाला दाखला म्हणत नाहीत.

चुलत्याच्या ट्रॅक्टरला जामीनदार म्हणून सही केलेली विसरू नये. ते कर्ज तुमच्याही अहवालात दिसते.

पैसे घेऊन सिबिल, म्हणजे हाच पतअहवाल, ‘साफ’ करून देणाऱ्याच्या नादी लागणे हा मूर्खपणा आहे. असे अहवाल ठेवणाऱ्या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. मी तो दरवर्षी पोळ्याच्या आठवड्यात काढतो, कारण तो सण मी विसरत नाही. चुकीची नोंद असेल तर तक्रारीच्या निपटाऱ्याला 30 दिवस लागू शकतात, त्यामुळे रुजू होण्याच्या आदल्या आठवड्यात धावत येणाऱ्यांना मी चहा पाजतो आणि परत पाठवतो.

रुजू झाले म्हणजे सुटलो, असेही नाही. केंद्राच्या 1964 च्या वर्तणूक नियमांतील नियम 17 सवयीचा कर्जबाजारीपणा टाळण्यास सांगतो आणि कर्जवसुलीची न्यायालयीन कारवाई सुरू झाल्यास ती सरकारला कळवणे बंधनकारक करतो. राज्याच्या 1979 च्या नियमांचा रोखही तोच आहे. तरीही नियुक्तीपत्राची झेरॉक्स घेऊन पहिल्या पगाराआधी मोटारसायकलीच्या शोरूममध्ये जाणारे दर बॅचमध्ये दोघे-तिघे असतातच, आणि त्यांच्यापैकी एक तरी मला जामीन राहण्याची गळ घालतो.