ऊसपट्ट्यात पळायचा रस्ता कसा शोधावा

सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात पहाटे बूट घालून पळत सुटलात, तर वाटेत कुणीतरी हमखास विचारणार, "काय झालं ओ? कुठं निघालासा?" थांबा आणि नीट उत्तर द्या. या भागात पळायचा चांगला रस्ता ॲपपेक्षा अशा माणसांकडूनच लवकर सापडतो. एकच रस्ता बारा महिने चालत नाही, हेही तीच माणसं सांगतील. शेतातली कामं बदलली की तुमचा रस्ताही बदलायला हवा.

१. आधी गावनकाशा बघा

उपग्रहाच्या चित्रात उसामधल्या पांढुरक्या रेघा दिसतात, पण त्यातली पाणंद कुठली आणि कुणाचा खाजगी बांध कुठला, ते कळत नाही. त्यासाठी महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गावाचा नकाशा उघडा. दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग, एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग. पाणंदीतून जायला कुणी अडवत नाही. बांधावरून मात्र पळू नका. बांधाच्या वादात भाऊ-भाऊ कोर्टात उभे राहतात, तिथं तुमची काय कथा! आणि हो, नकाशावर पाणंद असली तरी जागेवर ऊस उभा असू शकतो, म्हणून पुढची पायरी चुकवू नका.

२. उजेडात एकदा चालून या

सकाळी दूध डेअरीवर जा. रतीब घालायला आलेल्यांना तीन गोष्टी विचारा: कुठल्या वस्तीवरचं कुत्रं मोकळं असतं, मेंढरांचा तळ सध्या कुणाच्या रानात आहे, आणि इतक्यात कुणाला बिबट्या दिसलाय का. मग तो रस्ता संपूर्ण चाला. ओढ्यावरची मोरी फुटलेली आहे का, रात्री मोटार चालू ठेवून सोडलेलं पाणी रस्त्यावर येतंय का, हे चालतानाच दिसतं. शेतीची वीज बऱ्याचदा रात्री असते, त्यामुळे संध्याकाळी कोरडी असलेली पाणंद पहाटे चिखलानं भरलेली असू शकते.

३. सुरुवात सपाट रस्त्यावर करा

माझी पसंती कॅनॉलच्या कडेच्या रस्त्याला. कऱ्हाडजवळच्या खोडशी बंधाऱ्यातून निघणारा कृष्णा कालवा सांगली जिल्ह्यात येतो. पाणी आपोआप वाहावं म्हणून कालव्याला अगदी बेताचा उतार दिलेला असतो, त्यामुळे त्याच्या कडेनं पळताना चढ जवळपास जाणवत नाही. मुरमाचा रस्ता असेल तर गुडघ्यांना डांबरापेक्षा बरा. फक्त अस्तर केलेल्या कॅनॉलच्या काठाला जाऊ नका. शेवाळलेल्या सिमेंटवरून पाय घसरला तर वर चढायला धरायला काही नसतं.

सांगली शहरात राहणाऱ्यांना हरिपूरचा रस्ता जवळ पडतो. कृष्णा-वारणेच्या संगमापर्यंत जाऊन परत फिरायचं. उजाडायच्या आत गेलात तर वर्दळ कमी.

४. हंगाम बघून रस्ता बदला

साधारण नोव्हेंबर ते मार्च गाळप हंगाम. या दिवसांत कारखान्याकडे जाणारा कुठलाही डांबरी रस्ता सोडून द्या. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, त्यावर मोठ्यानं लावलेली गाणी, मागं दिवा असेलच असं नाही, आणि ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या मोळ्या. ड्रायव्हरला तुमची हाक ऐकू जात नाही. समोरून येणारं वाहन दिसावं म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेनं पळा. वळणावर ट्रॅक्टर दिसला तर साईडपट्टी सोडून थेट खाली उतरा. पुढची ट्रॉली लांबून गेली तरी मागची वळताना आत येते.

तासगाव भागात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षाची फळछाटणी झाली की फवारण्या सुरू होतात, त्याही बऱ्याचदा सकाळीच. ब्लोअरचा आवाज आला की वारा कुठून येतोय ते बघा आणि दुसरी वाट धरा. जोरजोरात श्वास घेताना औषधाचा फवारा छातीत भरून घेण्यात काही शहाणपण नाही.

पावसाळ्यात काळ्या रानातली पाणंद विसराच. दहा पावलांत बुटाला एवढा चिखल चिकटतो की पाय उचलवत नाही. मुरमाड माळावरचा किंवा गावातला डांबरी रस्ता धरा. उन्हाळ्यात नदीवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पलीकडं जाऊन छान फेरा मारता येतो, पण पाणी चढायला लागलं की तो फेरा बंद. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर बघितलेल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको.

५. कुत्री, साप, बिबट्या

कुत्रं अंगावर आलं तर पळणं थांबवा. नुसतं खाली वाकून दगड उचलल्यासारखं केलं तरी बहुतेक कुत्री मागं सरतात. धनगरांच्या कुत्र्यांवर मात्र ही युक्ती वापरू नका, ती राखणीलाच ठेवलेली असतात. लांबूनच "ओ मामा, कुत्रं आवरा" अशी हाक द्या आणि तळाला मोठा वळसा घाला.

रस्त्यावर पाचट पसरलं असेल तर त्यात पाय घालू नका, खाली घोणस असली तरी दिसत नाही. अंधारात बॅटरी हवीच.

शिराळा-वाळवा पट्ट्यात उसात बिबटे आहेत. तोड सुरू झाली की त्यांचा आडोसा जातो आणि ते इकडं-तिकडं हलतात. दोन्ही बाजूंना उंच ऊस असलेल्या पाणंदीत पूर्ण उजाडल्याशिवाय शिरू नका. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, जूनमध्ये सहाच्या, त्याप्रमाणे वेळ ठरवा. बिबट्या दिसलाच तर पाठ फिरवून पळू नका, वाकू किंवा बसू नका. हात वर करून मोठ्यानं ओरडत सावकाश मागं सरका आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

६. किती पळायचं

पहिले काही आठवडे किलोमीटर मोजूच नका. घड्याळ लावून दहा मिनिटं पुढं जा आणि तिथूनच मागं फिरा. सोबत्याशी बोलता येत नाही इतका दम लागला तर चाला. ते जमलं की दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. गोल फेरा नंतर करा, कारण सरळ जाऊन परत येणाऱ्या रस्त्यावर दमलात तर घर किती लांब आहे ते ठाऊक असतं.

कपडे फिकट रंगाचे घाला, हिरव्या उसाच्या कडेला गडद टी-शर्ट दिसत नाही. इअरफोन घरी ठेवा. आणि कुठल्या पाणंदीनं चाललाय, ते निघताना घरी सांगून जा. उसात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते.