गुडघ्याला बाशिंग बांधलेल्यांची वही

दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांचे कोणी ना कोणी न्यू जर्सीत किंवा टेक्सासात असते, त्यामुळे ७ नोव्हेंबर २०२८ रोजी होणाऱ्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीची चर्चा बडोद्यात आतापासूनच रंगते. ती बहुधा ‘सर्वेक्षणात पुढे कोण’ या एकाच प्रश्नापाशी अडते. त्याऐवजी एक जाड वही घ्यावी, प्रत्येक इच्छुकासाठी चार पाने राखावीत आणि सर्व नोंदी पेन्सिलीने कराव्यात. (सयाजीरावांनी ग्रंथालयांची घडी बसवण्यासाठी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालालाच येथे आणले होते, तेव्हा अमेरिकेची टिपणे बडोद्याच्या वहीला अगदीच परकी नव्हेत.)

प्रथम पात्रता पाहावी. उमेदवार जन्मतः अमेरिकी नागरिक, किमान ३५ वर्षांचा आणि १४ वर्षे तेथे राहिलेला असावा लागतो; म्हणजे येथून जाऊन नागरिकत्व घेतलेला भाचा बाद, मात्र तेथे जन्मलेली त्याची मुलगी चालेल. १९५१ मध्ये मंजूर झालेल्या २२व्या घटनादुरुस्तीनुसार दोनदा निवडून आलेल्याला तिसऱ्यांदा निवडून येता येत नाही, म्हणून ट्रम्प यांच्यासाठी पान राखू नये. रिपब्लिकन बाजूला उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स आणि मार्को रुबिओ, तर डेमोक्रॅटिक बाजूला गॅव्हिन न्यूसम, पीट बुटिजेज आणि कमला हॅरिस ही नावे चर्चेत असतात. तेथून आरंभ करावा. व्हान्स यांच्या पानावर एक गोष्ट आवर्जून लिहावी: १८३६ नंतर उपाध्यक्षपदावर असताना थेट अध्यक्ष म्हणून निवडून आलेले एकटे थोरले जॉर्ज बुश, तेही १९८८ मध्ये.

देशव्यापी सर्वेक्षणांचे आकडे वहीच्या शेवटच्या पानावर टाकावेत, कारण इतक्या आधी ते मुख्यतः नावाची ओळख मोजतात. २००७ मध्ये रुडी जुलियानी आणि हिलरी क्लिंटन आपापल्या पक्षात आघाडीवर होते. २००८ मध्ये उमेदवारी मिळाली मॅकेन आणि ओबामा यांना.

सर्वाधिक वेळ पैशाच्या नोंदींना द्यावा. ‘मी अजून विचार करतो आहे’ असे म्हणत चाचपणी करता येते, पण उमेदवारीच्या दृष्टीने ५,००० डॉलरहून अधिक रक्कम गोळा किंवा खर्च झाली की कायद्याच्या दृष्टीने माणूस उमेदवार ठरतो आणि त्याला संघीय निवडणूक आयोगाकडे हिशेब द्यावा लागतो. निवडणुकीच्या आदल्या वर्षी तिमाही विवरणे १५ एप्रिल, १५ जुलै, १५ ऑक्टोबर आणि पुढच्या ३१ जानेवारीपर्यंत भरली जातात, आणि ती आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. एकूण जमेपेक्षा हातातील शिल्लक, देणे आणि २०० डॉलरपर्यंतच्या छोट्या देणग्यांचा वाटा हे तीन आकडे उतरवावेत, कारण छोटा देणगीदार पुन्हा देऊ शकतो, तर मोठ्याची कायदेशीर मर्यादा एका धनादेशात संपते. स्वतंत्र म्हणवणाऱ्या सुपर पॅकचा (म्हणजे अमर्याद देणग्या घेऊन एखाद्याचा प्रचार करणाऱ्या गटाचा) पैसा मात्र वेगळ्या रकान्यात लिहावा. २०१६ चे रिपब्लिकन इच्छुक जेब बुश यांच्या पाठीशी असलेल्या अशा निधीने १० कोटी डॉलरहून अधिक जमवले होते, तरी २० फेब्रुवारी २०१६ रोजी साउथ कॅरोलिनातील प्राथमिक निवडणुकीत (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या राज्यवार मतदानात) हरताच त्यांना माघार घ्यावी लागली.

इच्छुक कोठे फिरतो हेही टिपावे. आत्मचरित्राचे प्रकाशन आणि सुरुवातीलाच मतदान करणाऱ्या न्यू हॅम्पशायरमधील व्याख्यान एकाच महिन्यात आले, तर गुडघ्याला बाशिंग बांधले आहे असे समजावे. पक्षांच्या या राज्यवार मतदानाचे वेळापत्रक मात्र प्रत्येक वेळी नव्याने तपासावे. २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने आयोवाचा सर्वांत आधी कौल देण्याचा जुना मान काढून साउथ कॅरोलिनाला अग्रक्रम दिला होता. त्याच राज्याने २०२० मध्ये बायडेन यांना तारले होते: आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आलेले बायडेन, खासदार जिम क्लायबर्न यांच्या पाठिंब्यानंतर तेथे मोठ्या फरकाने जिंकले. म्हणून पाठिंब्यांची संख्या मोजण्यापेक्षा पाठिंबा देणाऱ्याच्या शब्दाला त्याच्या राज्यात किती वजन आहे, ते लिहावे.

साउथ कॅरोलिनात सायंकाळी सातला मतदान संपते तेव्हा बडोद्यात दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. पहिला चहा घेता घेता निकाल उतरवता येतो आणि माघार घेणाऱ्यांची पाने खोडता येतात. न्यू जर्सीतल्या भाच्याला मात्र फार विचारू नये, कारण तेथील प्राथमिक निवडणूक अलीकडे बहुधा जूनमध्ये होते आणि तोपर्यंत वहीत प्रत्येक पक्षाचे एकच पान उरलेले असते.