अक्कल गुडघ्यात नाही, कमरेच्या जरा वर: नसांबद्दल बोलताना या चुका टाळा

माझ्याकडे नववी-दहावीची मुलं विज्ञान शिकायला येतात, सदाशिव पेठेत, घरीच, दहा बाय बाराच्या खोलीत. चेतासंस्थेचा धडा सुरू झाला की मुलांपेक्षा पालकांनाच जास्त प्रश्न पडतात. न्यायला आलेले बाबा मान चोळत उभे असतात, आई म्हणते मॅडम रात्री हाताला मुंग्या येतात हो, काय असेल? मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते. पण इतकी वर्षं शिकवून एवढं कळलंय की पेपरात ज्या गोंधळामुळे मार्क जातात ना, तोच गोंधळ आपण घरी दुखणं आल्यावर घालतो. तार लांबलचक आहे, बोटापासून मणक्यापर्यंत आणि तिथून मेंदूपर्यंत, आणि बिघाड तिच्यात नेमका कुठे झालाय हे कोणी विचारतच नाही, जिथे कळ येते तिथेच बाम चोळत बसतात.

सगळ्यालाच "नस" म्हणणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि त्यात आपल्या भाषेचाही थोडा हात आहे. हातावर निळी दिसते ती नस, पोटरीत गोळा आला की नस चढली, मान अवघडली की नस दबली, टाचेमागे ताठ दोरी लागते तीही नसच. यातली निळी म्हणजे शीर, रक्त नेणारी. पोटरीतला गोळा म्हणजे आखडलेला स्नायू. टाचेमागची दोरी म्हणजे स्नायू हाडाला बांधणारा स्नायुबंध. राहिली खरी नर्व्ह, पुस्तकातली चेता, ती सहसा कातडीतून दिसत नाही.

पण हाताला लागते. कोपर वाकवा, कोपराचं टोक आणि आतल्या बाजूचं वर आलेलं हाड यांच्यामधल्या खाचेत बोट हलकेच आडवं फिरवा, एक गुळगुळीत दोरी बोटाखालून सरकते आणि जरा जास्त दाबलं तर करंगळीत झिणझिण्या येतात. ही अल्नर नर्व्ह. कोपर दाराला आपटल्यावर करंट लागतो तो हाडाला नाही, हिला लागतो.

हे सगळं मुलांना शिकवणारी मी, पण स्वतःवर वेळ आली तेव्हा काय केलं? करंगळी आणि शेजारच्या बोटाचा अर्धा भाग बधिर झाला, मी ठरवून टाकलं मानेचंच आहे, आणि एका नस बसवणाऱ्याकडे गेले. त्याने मान तीनदा कडाकड वाजवली, आठवडाभर मान वळत नव्हती आणि करंगळी होती तशीच. शेवटी एका डॉक्टरांनी कोपराच्या त्या खाचेवर दोन बोटांनी टकटक केलं, करंगळीपर्यंत वीज गेली, आणि विचारलं की तुम्ही पेपर तपासताना बसता कशा? टेबलाच्या धारेवर कोपर टेकवून, दुसरं कसं! आता धारेवर घडी घातलेला टॉवेल असतो आणि झोपताना हात दुमडून उशाखाली घ्यायचा नाही असा दंडक आहे. बरं व्हायला दोनेक महिने लागले.

सगळं मेंदूच ठरवतो असं मानणं

"गरम तव्याला हात लागतो, मेंदू हुकूम देतो, हात मागे येतो." दरवर्षी निम्म्या वह्यांत हेच. पोळी उलटताना बोट तव्याला टेकलं की काय होतं ते नीट बघा, हात आधी मागे आलेला असतो आणि "आई गं" नंतर येतं. निरोप मणक्यातल्या मेरुरज्जूपर्यंत (स्पायनल कॉर्ड) जातो, तिथूनच उलटा हाताच्या स्नायूंना मिळतो, मेंदूला नंतर कळवतात. हीच पुस्तकातली प्रतिक्षिप्त क्रिया. मजा अशी की दुखणंसुद्धा दोनदा येतं. आधी एक टोचरी कळ, आणि क्षणभराने ती जळजळ. पहिलीचे तंतू जलद, दुसरीचे सेकंदाला साधारण एक मीटर, म्हणजे दिवाळीत लक्ष्मी रोडवरून वाट काढत चालणाऱ्या माणसाइतके. याउलट स्नायूंशी बोलणारे जाड, मायलिनचं आवरण असलेले तंतू सेकंदाला १०० मीटरच्याही पुढे जातात. हा वेग मोजताच येणार नाही असं बऱ्याच मोठ्या शास्त्रज्ञांना वाटायचं, हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० मध्ये बेडकाच्या नर्व्हवर मोजून दाखवला.

डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात आणि पाय उडतो, तेही असंच. आपण एखाद्याची अक्कल गुडघ्यात आहे म्हणतो, पण त्या झटक्याचा निर्णय पाठीच्या खालच्या भागात, कमरेच्या जरा वर होतो.

आता उलटी चूक. कर्वे रोडवर कुत्रं आडवं आलं आणि गाडीचा ब्रेक दाबला, ही प्रतिक्षिप्त क्रिया का? नाही. डोळे, मेंदू, मग हात, असा पूर्ण फेरा झालाय, फक्त सवयीने पटकन झालाय. आणि मेंदूला मेरुरज्जूला आवरताही येतं, म्हणून तर उकळत्या आमटीची वाटी चटका बसत असतानाही आपण ओट्यापर्यंत नेतो, टाकून देत नाही.

(मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो वगैरे जे फिरतं ते साफ खोटं आहे. शरीराच्या वजनाच्या २ टक्के असलेला हा अवयव २० टक्के ऊर्जा खातो, रिकाम्या खोल्यांचं भाडं शरीर भरत नाही.)

एमआरआयचा रिपोर्ट स्वतःच वाचणं

फॅमिली ग्रुपवर रिपोर्ट येतो, एल ४-एल ५ ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली, गादी सरकली, आणि काकांचा मेसेज, मेरुरज्जू दबलाय, आता पाय जाणार. अहो मोठ्या माणसात मेरुरज्जू तिथपर्यंत पोचतच नाही! तो साधारण ४५ सेंटीमीटर, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या खाली नर्व्हच्या मुळांचा झुपका लोंबतो, घोड्याच्या शेपटीसारखा. तिथे सहसा एखादं मूळ दबतं, आणि त्या मुळाच्या वाटेवर, म्हणजे कुल्ल्यातून पोटरीत, पार अंगठ्यापर्यंत, कळ जाते. पण लघवीवरचा ताबा गेला किंवा खोगीर टेकतं त्या भागात बधिरपणा आला तर अख्खा झुपकाच दबलेला असू शकतो, मग ग्रुपवर चर्चा नको, त्याच दिवशी हॉस्पिटल.

आकड्यातही एक खोच आहे. मेंदूतून नर्व्हच्या १२ जोड्या, मेरुरज्जूतून ३१. मानेचे मणके सात पण मानेच्या जोड्या आठ, कारण पहिली जोडी पहिल्या मणक्याच्या वरूनच निघते. मुलं हमखास सात लिहितात.

सिम्पथेटिक वाईट, पॅरासिम्पथेटिक चांगली

हे नवीन खूळ. व्हेगस नर्व्ह जागी करा, स्ट्रेस घालवा, रील्सवर रील्स. आपल्या इच्छेशिवाय हृदय, रक्तवाहिन्या वगैरे सांभाळते ती स्वायत्त चेतासंस्था. तिची सिम्पथेटिक बाजू शरीराला धावपळीसाठी तयार करते, पॅरासिम्पथेटिक शांत करते, आणि व्हेगस ही त्या शांत करणाऱ्या बाजूची मुख्य नर्व्ह. या दोन बाजू म्हणजे लाइटचं बटण नाही, एक चालू की दुसरी बंद असं होत नाही. हृदयाला सोडून दिलं तर ते मिनिटाला साधारण १०० ठोके देईल, बसल्याजागी ७०-७२ असतात कारण व्हेगस सतत दाबून ठेवते, कात्रजच्या उतारावर ब्रेक अर्धा दाबून गाडी आणतो तसं. आणि जिला व्हिलन केलंय ती सिम्पथेटिक नसेल तर सकाळी अंथरुणातून उठताच रक्त पायात उतरून चक्कर येईल, ती रक्तवाहिन्या आवळते म्हणून आपण उभे राहतो. फार वर्षं डायबेटिस असलेल्या आजोबांना उठल्यावर गरगरतं त्यामागे कधीकधी हेच असतं.

मुंग्यांचा नकाशा न बघणं

सवाईला भारतीय बैठकीत तीन तास मांडी घातली आणि उठताना पाय आहे की नाही कळेना, शेजारचे म्हणतात रक्त थांबलं. मुख्यतः नर्व्ह दाबली गेलेली असते, बऱ्याचदा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जिथे ती हाडाला चिकटून वळते तिथली. पाय सोडला की काही मिनिटांत जागेवर. पण नंतरही पाऊल वर उचलता येत नसेल तर डॉक्टर गाठा.

हाताचं बघा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, रात्री जास्त, हात झटकला की बरं वाटतं, हे बहुतेक मनगटापाशी. करंगळीकडचं असेल तर माझ्यासारखं कोपर तपासा. दोन्ही पायांत मोज्याएवढ्या भागात बधिरपणा असेल तर एखादी नर्व्ह दबलीय असं नसतं, सगळ्यात लांब तंतू आधी थकतात, डायबेटिस किंवा बी १२ ची कमतरता, दोन्हीची रक्ततपासणी होते. शाकाहारी घरांत बी १२ कमी निघणं नवीन नाही, पण म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून आधीच सुरू करू नका, मग रिपोर्टमध्ये काही कळत नाही.

आणि अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा, तोंड वाकडं, बोलणं अडखळतं, तर तो पक्षाघात (स्ट्रोक) असू शकतो, ती बाजू चोळत बसू नका, बिघाड बहुधा मेंदूच्या विरुद्ध बाजूला आहे, वाटा मध्येच एकमेकींना ओलांडतात. झोपू दे, सकाळी बघू, हे अजिबात नाही. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही स्कॅन झाल्यावर. १०८ ला फोन करा, तोंडात पाणी-गोळी काही घालू नका, आणि माणूस शेवटचा ठीक कधी दिसला होता ती वेळ घड्याळात बघून कागदावर लिहून घ्या, हॉस्पिटलच्या दारात पहिल्यांदा तेच विचारतात.