लहान मूल आणि कुत्रा यांच्यात मैत्री कशी जुळवावी

नुकतेच चालू लागलेले मूल कुत्र्याच्या दृष्टीने अतिशय बेभरवशाचे असते. ते एकाएकी किंचाळते, तोल जाऊन अंगावर पडते, मुठीत केस पकडते आणि पुढच्या क्षणी काय करील याचा काहीच अंदाज येऊ देत नाही. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तर कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंतचा. उंच पट्टीच्या आवाजाला त्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असल्यामुळे आपल्याला गोड वाटणारी बाळाची किंकाळी त्याला बोचू शकते. म्हणूनच या मैत्रीची सुरुवात मुलाच्या हौसेपासून न करता कुत्र्याच्या सोयीपासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

पहिल्या भेटीत मुलाला मोठ्या माणसाने मांडीवर किंवा शेजारी बसवून घ्यावे आणि कुत्र्याचा पट्टा दुसऱ्या मोठ्या माणसाने सैल धरावा. दोघांमध्ये चार-पाच पावलांचे अंतर असावे. हुंगण्यासाठी हात कुत्र्याच्या नाकापुढे धरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याची गरज नसते, कारण त्याला मुलाचा वास लांबूनही पुरेसा येतो आणि तोंडासमोर आलेल्या हाताने बिचकणारी कुत्री पुष्कळ असतात. त्यापेक्षा मुलाने बसल्या जागेवरून खाऊचा लहान तुकडा कुत्र्याच्या पलीकडे टाकावा. तुकड्यासाठी कुत्रा दूर जातो आणि नंतर परत जवळ यायचे की नाही हे त्याचे तो ठरवतो. तो परत आला, तर ते त्याच्या स्वतःच्या मनाने आलेले असते, आणि विश्वासाचा पाया तिथेच पडतो. न आल्यास त्याला ओढून आणू नये. त्या दिवशीची भेट तेवढ्यावर थांबवावी.

कुत्रा आपणहून जवळ येऊ लागला की मुलाला ‘विचारून हात लावणे’ शिकवावे. डोक्यावरून हात न नेता छातीवर किंवा खांद्याच्या बाजूला उघड्या तळव्याने मनातल्या मनात तीन आकडे मोजेपर्यंत गोंजारावे आणि हात मागे घ्यावा. कुत्रा अंगाला रेलला किंवा नाकाने हात ढोसू लागला, तर त्याला आणखी हवे आहे. त्याने तोंड फिरवले, ओठ चाटले, अंग आखडून तो नुसता उभा राहिला किंवा निघून गेला, तर ते नाही म्हणणे समजावे आणि मुलाकडून ते पाळून घ्यावे. लहान मुलांना हा खेळ मनापासून आवडतो, कारण कुत्रा आपल्या प्रश्नाला उत्तर देतो हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. गळ्यात हात टाकून मिठी मारणे हे मुलासाठी प्रेम असले, तरी बहुतेक कुत्र्यांना ते जखडल्यासारखे वाटते, शिवाय मुलाचा चेहरा त्याच्या दातांजवळ येतो. लहान मुलांना होणाऱ्या चाव्यांच्या जखमा बऱ्याचदा चेहऱ्यावर आणि मानेवर असतात, त्याचे हेही एक कारण.

झोप येत नसताना वारंवार जांभया देणे, कान मागे पाडणे, शेपटी पोटाखाली घेणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहणे आणि एकदम स्तब्ध होणे ही अस्वस्थतेची लक्षणे आहेत. शेपटी हलते म्हणजे कुत्रा खूशच आहे, असे धरून चालू नये. चार-पाच वर्षांच्या मुलांना तर दात विचकलेला कुत्रा हसतो आहे असेही वाटते. त्यामुळे ही भाषा वाचण्याची जबाबदारी मुलावर टाकता येत नाही. कुत्रा गुरगुरला तर त्याला रागावू नये. गुरगुरणे ही पूर्वसूचना असते, आणि शिक्षेच्या भीतीने ती देणे बंद केलेला कुत्रा पुढे सूचना न देता चावू शकतो. अशा वेळी मुलाला शांतपणे बाजूला घ्यावे आणि कुत्र्याला नेमके काय खटकले ते शोधावे.

कुत्र्याची झोपण्याची जागा, जेवणाचे भांडे आणि तोंडातली वस्तू या तीन गोष्टींना मुलाने हात लावायचा नाही, हा नियम घरात कधीही सैल होऊ देऊ नये. कुत्रा दिवसातले निम्म्याहून अधिक तास विश्रांती घेतो, तेव्हा मुलाला पोहोचता येणार नाही असा त्याचा एक कोपरा हवाच. दारात लहान फाटक लावले तरी काम भागते. लक्ष ठेवणे म्हणजे त्याच खोलीत फोन बघत बसणे नव्हे. हात लांब केला तर दोघांच्या मध्ये येईल इतक्या जवळ मोठे माणूस असावे, आणि तसे शक्य नसेल तेव्हा दोघांना वेगळे ठेवावे. लहान मुलांना चावणारा कुत्रा पुष्कळदा ओळखीचा, किंबहुना घरचाच असतो.

ओळख पक्की झाल्यावर दोघांना एकत्र काम द्यावे. खोलीत खाऊ लपवून तो कुत्र्याला शोधायला लावणे, पाण्याचे भांडे भरणे, मोठ्यांच्या सोबतीने ‘बस’ म्हणून बक्षीस देणे हे खेळ चांगले. पाठलाग आणि ओढाओढी टाळावी, कारण त्या भरात कुत्र्याचे दात सहज लागतात. कुत्रा उत्तेजित होऊन अंगावर येऊ लागला तर पळायचे नाही, हात अंगाशी घेऊन, नजर खाली ठेवून झाडासारखे उभे राहायचे, हे मुलाकडून आधीच गमतीगमतीत घटवून घ्यावे.

घरात पिल्लू आणले असेल, तर साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ मोलाचा असतो. या वयात मुलांचा शांत सहवास लाभलेले पिल्लू पुढे त्यांना सहसा बुजत नाही. कुत्र्याचे लसीकरण आणि जंतांचे औषध वेळेवर द्यावे, आणि खेळून झाल्यावर मुलाचे हात धुवावेत. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवून ताबडतोब डॉक्टरकडे जावे, कुत्रा घरचा आणि लस घेतलेला असला तरीही.

काही जोड्या आठवड्याभरात एकमेकांशेजारी झोपू लागतात, काहींना कित्येक महिने लागतात. आतापर्यंत मुलांमध्ये रमणारा कुत्रा अचानक त्यांना टाळू लागला, तर आधी पशुवैद्याला दाखवावे. कानाचे किंवा सांध्यांचे दुखणे अनेकदा असेच उघडकीस येते.